१६ वर्षांची पोरगी गायब आणि पोलिसात तक्रारच नाही?

रात्रपाळी_७८
काल रात्री अमेरिकेतल्या कॅलेडोनिया जेन डो केसबद्दल वाचत बसलो, डोक्यातून जाईना. (जेन डो म्हणजे ओळख न पटलेल्या बाईला तिकडे देतात ते नाव.) नोव्हेंबर १९७९, न्यूयॉर्क राज्यात कॅलेडोनियाजवळ मक्याच्या शेतात एका मुलीची बॉडी मिळाली, दोन गोळ्या घातलेल्या, अंगात लाल विंडचीटर आणि पावसाने पुरावे धुतलेले. ओळख पटली थेट जानेवारी २०१५ ला! टॅमी जो अलेक्झांडर, फ्लोरिडातलं ब्रुक्सव्हिल, वय १६. घरच्यांना ३५ वर्षं काहीच वाटलं नाही?

आडवाटेचा
एवढं सरळ नाहीये ते. ती आधीपण घरातून बऱ्याचदा पळालेली, त्यामुळे या वेळी पण येईल परत असं धरून चालले असणार. आणि ओळख पटवणं म्हणजे शेवटी दोन याद्या जुळवणं, एक सापडलेल्यांची आणि एक हरवलेल्यांची, दुसरीत नावच नाही तर जुळवणार कशाशी? २०१४ मध्ये शाळेतल्या एका मैत्रिणीने शोधाशोध केली तेव्हा कळलं की तक्रारच सापडत नाही, मग ती नोंदवली गेली. नाव यादीत चढलं आणि अशा बेनाव मृतांचे चेहरे हौसेने काढणाऱ्या एका चित्रकाराच्या लक्षात आलं की ही तीच. मग सावत्र बहिणीच्या डीएनएवरून पक्कं झालं (आई एकच).

निंबोणी
मला परागकणांचं भारी वाटलं. कपड्यांवरचे परागकण तपासले तर फ्लोरिडा, कॅलिफोर्नियासारख्या गरम भागातले निघाले, शिवाय नोव्हेंबरात अंगावर बिकिनीचे रापलेले पट्टे, म्हणजे पोरगी तिथली नाही हे कळत होतं. पण तिकडे कुणी शोधतच नव्हतं ना.

कोर्टकचेरी
आपल्याकडे अल्पवयीन मूल हरवलं तर नुसती मिसिंग घेऊन चालत नाही, अपहरणाचा गुन्हा नोंदवावा लागतो, सुप्रीम कोर्टाचा २०१३ चा आदेश आहे. पण आधी कुणीतरी ठाण्याची पायरी चढली पाहिजे ना! मुलगी पळाली की शेजाऱ्यांना "मामाकडे गेलीये" सांगणारी घरं कमी आहेत का. तिकडे दुसऱ्या जिल्ह्यात अकस्मात मृत्यूची नोंद होऊन बेवारस म्हणून अंत्यसंस्कार पण उरकलेले असतात. डीएनए डेटा बँकेची (हरवलेले आणि बेनाव मृत यांचे डीएनए जपून जुळवायची सोय) तरतूद असलेलं विधेयक २०१९ ला आणलेलं, तेही २०२३ मध्ये सरकारने मागे घेतलं.

रात्रपाळी_७८
@आडवाटेचा, म्हणजे घरच्यांच्या आधी मैत्रीण. मी उगाच फक्त आईबापांवर तापलो होतो. खुनी सापडला का पण?

आडवाटेचा
नाही. न्यूयॉर्क राज्यातच डॅन्सव्हिलला पुरलेलं तिला, दगडावर नावाच्या जागी 'अनोळखी मुलगी' असं कोरलेलं. आता नाव आहे.