साहसकथेत ताप हवाच

काका, साहसकथेत आजारपण आलं की गोष्ट रेंगाळते, असं तुम्ही म्हणता. मला उलट वाटतं. नायक वाघाशी झुंजतो, मगरीच्या जबड्यातून सुटतो, पण दलदलीत मुक्काम करूनही त्याला कधी हिवताप होत नाही, हे पटतच नाही. पनामा कालव्याचं फ्रेंचांचं काम १८८९ मध्ये बंद पडलं, त्याआधी पीतज्वर (यलो फीव्हर) आणि हिवतापाने हजारो मजूर गेले होते.

आणि थरार तर निजामाच्या मुलखातही घडलाय. २० ऑगस्ट १८९७ला सिकंदराबादेत ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले. एकेक डास चिरून सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसायचं, तेही उकाड्यात! याला साहस नाही तर काय म्हणायचं?

आमच्या लातूरकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून घरोघरी ड्रम, रांजण भरलेले. डेंग्यूचा डास त्याच स्वच्छ पाण्यात वाढतो, दिवसा चावतो. पाणी संपलं तरी आतल्या बाजूला चिकटलेली त्याची अंडी कोरडी राहून कित्येक महिने टिकतात. त्यामुळे ड्रम नुसता रिकामा करून भागत नाही, आतून घासावा लागतो. या शत्रूवर कुणी आपल्याकडची कादंबरी लिहिली, तर मी जागून वाचेन.