मदत हवी आहे: पर्यावरणविषयक निर्णयप्रक्रियेचं पदव्युत्तर शिक्षण, नाशिकात नोकरी सांभाळून

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

मी नाशिकची, वय ३१. बीएस्सी केमिस्ट्री झाल्यापासून सातपूरला एका खाजगी लॅबमध्ये पाणी आणि सांडपाणी तपासते. पीएच, टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण घन पदार्थ), सीओडी, नायट्रेट, आणि २७ अंशाला तीन दिवस ठेवायच्या बीओडीच्या बाटल्या. काम मनापासून आवडतं. पण गेल्या वर्षी एक गोष्ट घडली आणि तेव्हापासून पुढं शिकायचं डोक्यात बसलंय.

जिल्ह्यातल्या एका कारखान्याला विस्तार करायचा होता. त्याच्या पर्यावरण आघात अहवालासाठी आजूबाजूच्या गावांतले भूजलाचे नमुने आमच्या लॅबकडे आले होते. एका विहिरीवर मी स्वतः गेले होते. कॅन त्याच पाण्यानं तीनदा खळबळून घेतला, भरला, लेबल लावलं, बर्फाच्या पेटीत ठेवला. तेवढ्यात एक आजी हंडा घेऊन आल्या. म्हणाल्या, "बाई, पाणी चांगलंय का, तेवढं सांग." मी म्हटलं, रिपोर्ट आला की कळेल आजी.

रिपोर्ट आला. टीडीएस ११४०, नायट्रेट ३८. तो सल्लागारांकडे गेला. आजींकडे काही गेलं नाही.

पुढं जनसुनावणी लागली, तेव्हा मी रजा टाकून माझी मी गेले. शाळेच्या मैदानावर मांडव, पुढं टेबल, व्हिडिओवाला. अहवालाच्या मराठी सारांशात एक ओळ होती, "परिसरातील भूजलाची गुणवत्ता विहित मर्यादेत आहे." हे काम करणाऱ्याला त्यातली मेख कळते. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्यातल्या टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. २००० ही मर्यादा दुसरा स्रोतच नसेल तर चालवून घ्यायची. म्हणजे ११४० "मर्यादेत" आहे की नाही, हे त्या गावाला दुसरं पाणी आहे का यावर ठरतं. नायट्रेटला तर अशी सवलतच नाही, सरळ ४५. आणि माझा ३८ चा आकडा हिवाळ्यातला. मे महिन्यात विहीर तळाला गेल्यावर तो किती असेल, हे कुणी मोजलंच नव्हतं, कारण नमुने एकाच हंगामाचे.

त्याच आजी उठल्या आणि म्हणाल्या, उन्हाळ्यात पाणी आताच मचूळ लागतं, डाळ शिजत नाही, कारखाना वाढल्यावर आम्ही कुणाच्या दारात जायचं? इतिवृत्तात त्याचं झालं, "ग्रामस्थांनी पाण्याबाबत चिंता व्यक्त केली."

मी मागच्या खुर्चीवर होते. आकडा माझ्या हातचा होता, तरी उठून बोलले नाही. काय बोलायचं, कुणाला उद्देशून, त्याचा उपयोग कुठल्या टप्प्यावर होतो, यातलं काही मला ठाऊक नव्हतं. मोजायला मी शिकले आहे. मोजलेल्या आकड्याचा निर्णय कसा होतो, कोण करतं, दोन्ही बाजू कशा तोलतात, माहिती अपुरी असताना काय करायचं, हे कुणी शिकवलं नाही.

म्हणून केमिस्ट्रीत एमएस्सी करावी असं वाटत नाही. परदेशात काही ठिकाणी पर्यावरणविषयक निर्णयप्रक्रिया हाच पदव्युत्तर विषय असतो म्हणे. त्यात कायदा, अर्थशास्त्र, लोकसहभाग, बहुनिकष विश्लेषण (अनेक कसोट्या एकत्र तोलून पर्याय निवडणं), एखाद्या प्रश्नाकडे सगळ्या धाग्यादोऱ्यांसकट बघण्याची पद्धत, सगळं एकत्र. आपल्याकडे याच्या जवळचं काय आहे? मुलगी चार वर्षांची आहे, मिस्टरांची शिफ्ट ड्युटी, सासूबाईंचा पूर्ण पाठिंबा आहे पण त्यांचे गुडघे दुखतात. दोन वर्षं नाशिक सोडणं जवळपास अशक्य. शनिवार-रविवार पुण्याला ये-जा करू शकेन. वर्षाला साठ-सत्तर हजारांपर्यंत जमवता येतील. बारावीपर्यंत मराठी माध्यम, इंग्रजी वाचते पण लिहिताना अडते. आणि एकतिसाव्या वर्षी हे सुरू करण्यात काही अर्थ आहे का, तेही मोकळेपणानं सांगा.

– जलरेखा

पाणकोंबडी:

ताई, वयाचा विचार डोक्यातून काढा. मी अकरा वर्षं अशाच सल्लागार संस्थांमध्ये अहवाल लिहिलेत, तेव्हा त्या बाजूचं सांगतो.

आधी एक समजून घ्या. जनसुनावणीत निर्णय होत नसतो. २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेनुसार चार पायऱ्या आहेत: छाननी, अभ्यासाची व्याप्ती ठरवणं, लोकांचा सल्ला, आणि मूल्यांकन. शिफारस करते तज्ज्ञ समिती, मोठ्या प्रकल्पांना केंद्राची, बाकीच्यांना राज्याची. सुनावणीत जे येतं त्याला अंतिम अहवालात उत्तर द्यावं लागतं, आणि ते उत्तर पुरेसं आहे का हे समिती बघते. तुमचा आकडा जायला हवा होता तो तिथं. नमुने कुठून, किती आणि कुठल्या हंगामात घ्यायचे हे तर त्याच्याही आधी, व्याप्ती ठरवतानाच पक्कं होतं. आपले लोक सुनावणीला जिवाच्या आकांतानं येतात आणि व्याप्ती ठरते तेव्हा कुणाचंच लक्ष नसतं, याचं मला फार वाईट वाटतं. अभ्यासक्रम निवडताना त्यात हा टप्पा शिकवतात का, ते बघा.

दुसरं, इतिवृत्त. सुनावणी संपताना त्याचा गोषवारा स्थानिक भाषेत वाचून दाखवायचा असतो, मग अध्यक्षांची सही. वाचन चालू असताना कुणीही उठून "आजी असं बोलल्या नाहीत, उन्हाळ्यातल्या पाण्याबद्दल बोलल्या, तसं लिहा" म्हणू शकतं. शिवाय लेखी हरकत देता येते. पुढच्या वेळी एवढं तरी नक्की करा.

आता अभ्यासक्रम. मुंबईच्या टिसला (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) पर्यावरण, हवामान बदल आणि शाश्वतता असा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे, तुम्हाला हवं त्याच्या खूप जवळचा. पण पूर्णवेळ आहे आणि सीयूईटी पीजी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. दिल्लीच्या टेरी स्कूल ऑफ अ‍ॅडव्हान्स्ड स्टडीजचंही तेच, पूर्णवेळ. आयआयटी मुंबईचं सितारा केंद्र गावपातळीच्या प्रश्नांवर फार चांगलं काम करतं, पण तिथल्या एमटेकला गेट परीक्षा लागते आणि बीएस्सीवर भागत नाही. पुण्यात विद्यापीठाचा पर्यावरणशास्त्र विभाग आणि भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण संस्था, दोन्हीकडे एमएस्सी आहे, पण रोजचे वर्ग.

तुमच्या परिस्थितीत मला दोनच वाटा दिसतात. एक, इग्नूची पर्यावरणशास्त्रातली एमएस्सी. किमान दोन वर्षं, चारपर्यंत लांबवता येते, परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये, फी तुमच्या आवाक्यात. दुसरी, पुण्याच्या इकॉलॉजिकल सोसायटीचा नैसर्गिक संसाधनांच्या व्यवस्थापनाचा वर्षभराचा अभ्यासक्रम. प्रकाश गोळे सरांनी सुरू केलेली संस्था. नोकरी करणाऱ्यांना झेपेल असा असतो, आणि प्रत्यक्ष जमिनीवर नेऊन शिकवतात. फक्त तो पदवी नाही, हे लक्षात ठेवा. पुढं आघात अहवालात विषयतज्ज्ञ म्हणून नाव लावायचं असेल तर एमएस्सी लागेलच, नुसत्या बीएस्सीवर तिथं वाट अडते.

वाघाडचा शेतकरी:

ताई, मी शिकलेला कमी, पण तुमचं वाचून राहवलं नाही. निर्णय कसा होतो ते बघायचं असेल तर दिंडोरी-ओझरला या. वाघाड धरणाच्या कालव्याचं पाणी आमच्या शेपटाच्या गावांना येतच नव्हतं. बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी समाज परिवर्तन केंद्रातर्फे लोकांना गोळा केलं, नव्वदच्या सुमारास पहिल्या पाणीवापर संस्था ओझरला झाल्या. आता सगळ्या प्रकल्पावर संस्थाच आहेत. पाणी घनमीटरवर मोजून मिळतं. कुणाला किती आणि आधी कुणाला, हे बैठकीत ठरतं. भांडणं होतात. रात्री अकरा-अकरा वाजेपर्यंत बसलोय आम्ही. पण ठरलेलं पाळलं जातं, कारण ठरवताना सगळे समोर असतात आणि पाणी किती सोडलं ते कुणीही जाऊन मोजपट्टीवर बघू शकतं.

पुस्तकातलं शिकाच. पण एक हंगाम आमच्या बैठकींना बसा.

सातमाळा:

वाघाडच्या दादांचं अगदी बरोबर. त्याला जोडून प्रकल्पासाठी विषय सुचवते: जायकवाडी. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात समन्यायी वाटपाचं कलम आलं. मग गोदावरी खोऱ्यातल्या धरणांचं पाणी कसं सोडायचं हे सुचवणारा मेंढेगिरी समितीचा अहवाल, आणि २०१४ मध्ये प्राधिकरणाचा आदेश. १५ ऑक्टोबरला जायकवाडीत ६५ टक्के साठा नसेल तर नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचं. २०२३ मध्ये ८.६ टीएमसीचा आदेश निघाला तेव्हा इथं काय वातावरण होतं ते सगळ्यांनी पाहिलंय. मी नाशिकची, माहेर पैठणचं. ऑक्टोबरमध्ये माझ्या दोन्ही घरांत जेवताना एकाच बातमीवर दोन वेगळ्याच चर्चा होतात. ६५ का, ६० का नाही, तो आकडा कोणत्या गृहीतकांवर उभा आहे, बाष्पीभवन किती धरलंय, खरीप-रब्बीचा हिशोब काय, हे उलगडणं म्हणजे तुम्ही म्हणता तोच विषय. बहुनिकष विश्लेषण करायला याहून चांगलं उदाहरण महाराष्ट्रात मिळणार नाही. आणि मेरी, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, आपल्याच दिंडोरी रोडवर आहे.

तळटीप:

कायद्याची बाजू कुणी बोललं नाही म्हणून थोडक्यात. बेंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलचा पर्यावरण कायद्यातला पदव्युत्तर डिप्लोमा दूरशिक्षणानं करता येतो, वर्षभराचा. मी वकील नसतानाही केला. पर्यावरण मंजुरी मिळाली तर ३० दिवसांत हरित न्यायाधिकरणात अपील करावं लागतं, सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस. आपल्यासाठीचं खंडपीठ पुण्यात आहे. त्या आजींच्या गावात ही मुदत कुणाला माहीत असेल का? मला तरी शंका आहे. एमएस्सीच्या आधी हा डिप्लोमा करा असं मी म्हणेन, कारण तुमची अडचण विज्ञानाची नाहीच.

पाणकोंबडी:

तळटीप, थोडा असहमत आहे. कायदा आधी शिकलं की माणूस प्रत्येक प्रश्न मंजुरी आणि अपील याच चौकटीत बघायला लागतो. ताईंकडे हातानं नमुना घेतल्याचा अनुभव आहे, तो आधी विज्ञानात नीट रुजू दे. पण मुदतीचं म्हणाल तर शंभर टक्के खरं.

गोदाकाठची मीरा:

इंग्रजीची काळजी करू नका. मीही सिन्नरच्या मराठी शाळेतली. पहिली असाइनमेंट लिहायला मला एकवीस दिवस लागले, सहावी चार दिवसांत झाली. आधी मराठीत मुद्दे काढायचे, मग इंग्रजी. आणि मुलीबरोबर एकाच टेबलावर बसा. ती चित्र काढेल, तुम्ही लिहा.

जलरेखा:

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री दोनदा वाचलं, मिस्टरांनाही वाचून दाखवलं.

पाणकोंबडी दादा, व्याप्तीच्या टप्प्याबद्दल तुम्ही लिहिलंत आणि डोळे उघडले. नऊ वर्षं नमुने तपासतेय, पण ते कुठून घ्यायचे हे कोण ठरवतं असा प्रश्न कधी पडला नव्हता. इग्नूचा फॉर्म येत्या सत्रालाच भरतेय. कायद्याचा डिप्लोमा दुसऱ्या वर्षी, पैसे जमले तर. तळटीप, ते ३० आणि ६० दिवस मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलेत. सातमाळा ताई, जायकवाडीवर प्रकल्प करायचा झाला तर तुमच्या पैठणच्या घरी यावं लागेल, तेव्हा विचारीन.

आणखी एक. काल रविवारी त्या गावाला जाऊन आले. लॅबचा रिपोर्ट ग्राहकाचा, तो मी देऊ शकत नाही. म्हणून आजींच्या घरच्यांना विचारून नवा नमुना घेतला, आमच्या लॅबमध्ये माझ्या नावानं पावती फाडली. एप्रिल-मे मध्ये पुन्हा घेणार. आलेले आकडे मराठीत लिहून आजींना देणार आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायचं सरपंचांना विचारलंय, ते हो म्हणालेत. ५०० काय, २००० काय आणि ४५ काय, हे एका कागदावर साध्या शब्दांत कसं मांडावं, यासाठी कुणाकडे नमुना असेल तर टाका.

वाघाडच्या दादा, येत्या शनिवारी बैठक आहे का? मुलीला घेऊन आले तर चालेल ना?

वाघाडचा शेतकरी:

शनिवारी आहे, सकाळी दहाला. ओझरला उतरून फोन करण्यापेक्षा इथंच निरोप टाका, घ्यायला येतो. मुलीला आणाच, घरी नात आहे तिच्याच वयाची. दुपारी जेवून मग कालव्यावर जाऊ, मोजपट्टी दाखवतो.