आउटलँडर: आधी पुस्तक की आधी मालिका?

सांजवाचन: कालप्रवास, इतिहास आणि प्रेमकथा एकत्र असलेलं काहीतरी हवंय. 'आउटलँडर'चं नाव सारखं कानावर येतं, पण नऊ जाडजूड पुस्तकं बघूनच धीर सुटतो. सुरुवात कुठून करू? आणि मारहाण, रक्तपात कितपत आहे?

जुना_गठ्ठा: आधी पहिलं पुस्तक (१९९१), मग पहिला सीझन, १६ भाग. ब्रिटनमध्ये हेच पुस्तक 'क्रॉस स्टिच' नावाने आलं होतं, तेव्हा रद्दीवाल्याकडे दिसलं तर वेगळं समजून दोनदा घेऊ नका.

दुसऱ्या महायुद्धातली नर्स क्लेअर १७४३च्या स्कॉटलंडमध्ये जाऊन पडते. १६ एप्रिल १७४६ला कलोडनच्या माळावर हायलँडर, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले लढवय्ये, कापले जाणार आणि त्यानंतर कुळांची सत्ता मोडणार, हे तिला ठाऊक असतं. पानिपतावर निघालेल्या स्वाराशी लग्न लागावं आणि निकाल फक्त आपल्यालाच माहीत असावा, तसलं प्रकरण. सगळी ओढ तिथे आहे. किल्ट आणि किल्ले नंतर.

भाग १५ आणि १६ मध्ये तुरुंगातला लैंगिक अत्याचार आहे. लांबवलेला आहे, बघवत नाही. सोडलेत तर सारांश मात्र वाचा, कारण दुसऱ्या सीझनमधलं जेमीचं, म्हणजे क्लेअरच्या हायलँडर नवऱ्याचं, वागणं त्यावरच उभं आहे.

अजून एक: गेलिक (हायलँडरांची भाषा) संवादांना मुद्दाम सबटायटल्स नाहीत. क्लेअरला कळत नाही म्हणून आपल्यालाही नाही. फाइल बिघडलेली नसते!

माळ्यावरची: +१. फक्त दुसऱ्या पुस्तकाची तयारी ठेवा. ते थेट १९६८मध्ये उघडतं, मधलं एखादं पुस्तक राहिलं की काय असं वाटतं. राहिलेलं नसतं, पहिला विभाग नेटाने काढा. मालिकेने तो भाग उचलून सीझनच्या शेवटी, तेराव्या भागात नेला आहे आणि सुरुवात १९४८ला केली आहे. माझ्या मते तेच जास्त बरं जमलंय.

फ्रँक, म्हणजे क्लेअरचा विसाव्या शतकातला नवरा, तोही मालिकेतच पाहावा. पुस्तकात क्लेअर बोलेल तेवढाच तो दिसतो. पडद्यावर तो आणि त्याचा क्रूर पूर्वज रँडल, दोन्ही भूमिका टोबायस मेंझिसच्या, त्यामुळे क्लेअर त्या चेहऱ्याला का दचकते हे सांगावं लागत नाही.

तिसऱ्या पुस्तकापर्यंत नक्की जा. पूर्वार्ध उत्तम, जहाज निघाल्यावर योगायोग फार होतात. पाचव्यात एकच दिवस शेकडो पानं चालतो, तिथे बरेच जण गळतात.

सांजवाचन: धन्यवाद दोघांनाही! एवढा पसारा नको असेल तर?

जुना_गठ्ठा: तोंग ह्वाच्या कादंबरीवरची चिनी 'बू बू जिंग शिन' (२०११, ३५ भाग). कांगशी बादशहाच्या राजपुत्रांपैकी गादी कोणाला मिळणार हे नायिकेला माहीत असतं, ती सावधही करते आणि तो इशाराच उलटतो. २०१६ची कोरियन आवृत्ती २० भागांची, दिसायला देखणी. पण तिथल्या नायिकेला इतिहास अर्धवटच ठाऊक, म्हणून पेच ढिला पडतो. चिनीच घ्या.