मदत हवी आहे : आईच्या खाणावळीबद्दल लिहायचंय

आईवर लिहायला घेतलंय. लालबागच्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत ती गिरणी कामगारांची खाणावळ चालवायची. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला, पगार थांबले, बरेचजण कोकणात, घाटावर गावी निघून गेले. राहिलेल्यांना ती उधारीवर जेवू घालत होती. कसं, विचारलं की "होत होतं गं" म्हणते आणि लसूण सोलायला घेते! मोबाइल रेकॉर्डिंगला लावला तर गप्पच.

ट्रंकेत तिची उधारीची वही सापडली. त्यात मंगळसूत्र गहाण ठेवल्याची नोंद आहे. हे तिने आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. ते लिहू का? तिला विचारून, की आधी लिहून मग वाचून दाखवू? तुमच्यापैकी कुणी आईला बोलतं केलंय का? कसं?