एम.कॉम.ला आधी गणित की आधी माणूस?

धागाकर्ती (वित्त शिकवते, नागपूर)
माझं संशोधन गुंतवणूकदारांच्या वागण्यावर आहे. पोर्टफोलिओची सूत्रं शिकवण्याआधी पैसा हातात आला की माणूस कसा वागतो, ते शिकवावं असं माझं ठाम मत आहे. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं, की तीन आर्थिक वर्षांत एफ अँड ओमधले (फ्युचर्स-ऑप्शन्स, म्हणजे पुढच्या भावावरचे सौदे) ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. या सगळ्यांना गणित येत नव्हतं? नफ्याच्या आनंदापेक्षा तेवढ्याच तोट्याचं दुःख जास्त बोचतं, हे मानसशास्त्रज्ञ कानेमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ मध्येच मांडलंय.

इतवारीचा सब-ब्रोकर
मॅडम, हे तर आम्ही रोजच पाहून राहिलो. शंभरचा शेअर एकशेदहा झाला की गिऱ्हाइकाचा फोन, "भाऊ, विकून टाका." तोच सत्तरवर आला की, "राहू द्या ना, येते वर." वर्गात सांगून हे सुटते का? त्यापेक्षा खर्च शिकवा. त्याच अहवालात तीन वर्षांचा व्यवहारखर्च सुमारे ५० हजार कोटी आहे. पोट्ट्यांना कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे सौद्याचं खर्चासकट बिल, वाचता येत नाही अन् तुम्ही मन शिकवता!

धागाकर्ती
खर्च वाढतो तो सारखी उलाढाल केल्यानं, आणि ती करायला लावतं मनच. तुमच्या गिऱ्हाइकाचं वागणं ओडीन या वित्त-संशोधकाने १९९८ मध्ये अमेरिकेतल्या दहा हजार ब्रोकरेज खात्यांवरून दाखवलं. घाईनं विकलेले नफ्यातले शेअर पुढे सरासरीने जास्त चढले, धरून ठेवलेले तोट्यातले मागे राहिले.

वाणिज्यचा प्राध्यापक
ओडीनने खाती तपासली. आपण काय करतो? गुगल फॉर्म, 'पूर्ण सहमत' ते 'पूर्ण असहमत', अन् ओळखीच्यांचे दोनशे प्रतिसाद. 'मी जोखीम टाळतो' यावर खूण करणारा त्याच दुपारी बँक निफ्टीचे जोखमीचे ऑप्शन घेतो. अशा कागदावर पीएच.डी. मिळते, पण त्यातून वागणं कळत नाही.

धागाकर्ती
खरं आहे, म्हणून मी पोरांना लेखी संमती घेऊन, नावं खोडून ट्रेडबुकच, म्हणजे खात्यातल्या खरेदी-विक्रीच्या नोंदीच, मोजायला लावते. पण नुसत्या नोंदी मुक्या असतात. इथल्या महाल भागातल्या एका बाईंनी वर्षानुवर्षं तोट्यात पडलेले शेअर विकले नाहीत, कारण ते वडिलांनी घेतलेले. हे ट्रेडबुकात कुठे दिसणार? विचारावंच लागतं, फक्त समोर बसून.

एम.कॉम., दुसरं वर्ष
मॅडम, मुलाखतीत आम्हाला एनपीव्हीचं (निव्वळ वर्तमान मूल्याचं) गणित विचारतात, ट्वर्स्की नाही. परीक्षेला एखादा प्रश्न आला तर आला. आधी नोकरीपुरतं शिकवा.

इतवारीचा सब-ब्रोकर
बरोबर बोलला पोरगा. मॅडम, संमतीचा कागद आणा, मी गिऱ्हाइकांना विचारून पाहतो. पण मत बदललं नाही माझं. एक्सपायरीच्या, म्हणजे ऑप्शनची मुदत संपायच्या दिवशी तुमच्याच वर्गातल्या मागच्या बाकावर जाऊन मोबाइल पाहा.