नेट मीटर असलेल्या घराने सौर बॅटरी घ्यावी का?

मूळ मत (पुणे, ३ किलोवॉटचा ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या वीजजाळ्याला किंवा ग्रिडला जोडलेला, सौर संच)

२०२४ च्या फेब्रुवारीत पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू झाली आणि ३ किलोवॉट किंवा त्याहून मोठ्या घरगुती संचाला ७८,००० रुपयांचे अनुदान मिळू लागले. तेव्हापासून आमच्या परिसरात छतांवर पॅनेल झपाट्याने वाढले आहेत आणि त्याबरोबर विक्रेते बॅटरीचाही आग्रह धरू लागले आहेत. या बॅटरीसाठी वेगळे अनुदान नाही, ही गोष्ट ग्राहकाला बहुधा शेवटी कळते. माझे मत असे आहे की ज्या घरी नेट मीटर (ग्रिडला दिलेली आणि ग्रिडकडून घेतलेली वीज दोन्ही मोजणारे मीटर) आहे आणि वीज क्वचितच जाते, त्या घराने वीजबिल कमी करण्यासाठी बॅटरी घेणे हा सरळ तोट्याचा व्यवहार आहे.

हिशेब मांडून पाहू. ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची लिथियम (एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची) बॅटरी साधारण ५ युनिट वीज साठवते आणि त्यांतली ४.६ युनिट आपण निर्धास्तपणे वापरू शकतो. समजा तिची किंमत १ लाख रुपये आहे आणि ती ४,००० वेळा पूर्ण भरली व रिकामी झाली, तर तिच्यातून सुमारे १८,४०० युनिट निघतील. म्हणजे प्रत्येक युनिटमागे साडेपाच रुपयांच्या आसपास खर्च केवळ साठवणुकीचा झाला, आणि शिवाय भरताना व काढताना दहा टक्क्यांच्या आसपास वीज वाया जाते ती वेगळीच. याउलट नेट मीटरिंगमध्ये दुपारी ग्रिडला दिलेले युनिट रात्री युनिट म्हणूनच वळते होते आणि त्यासाठी मला काहीही साठवावे लागत नाही. ज्या पैशांत बॅटरी येते त्या पैशांत जुने पंखे बदलून बीएलडीसी पंखे (कमी विजेवर चालणाऱ्या मोटरचे) आणि कमी वीज खाणारा फ्रिज घ्यावा. बिलावर त्याचा परिणाम अधिक दिसेल.

प्रतिसाद (दापोली तालुका, किनाऱ्यालगतचे गाव)

आपला हिशेब बिलापुरता बरोबर आहे, पण तो पुण्याचा हिशेब आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीत विजेचे खांब, तारा आणि रोहित्रे इतकी पडली की अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळाने कोकण किनारा पुन्हा झोडपला. अशा दिवसांत आकाश निवळून ऊन पडले तरी ऑन-ग्रिड संच बंदच राहतो, कारण ग्रिडचा पुरवठा थांबताच त्याचा इन्व्हर्टर (पॅनेलची वीज घरात वापरण्याजोगी करणारे यंत्र) स्वतःहून बंद होतो. तारेवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ही व्यवस्था आवश्यक आहे आणि तिच्याबद्दल माझी मुळीच तक्रार नाही. मात्र त्याचा अर्थ असा होतो की छतावर पॅनेल असूनही घरात अंधार राहतो, मोबाईल चार्ज होत नाही आणि फ्रिजमधले इन्सुलिन खराब होण्याची भीती असते. माझ्या सासूबाईंना इन्सुलिन लागते, म्हणून हा प्रश्न आमच्या घरी रुपये-युनिटांत मोजला जात नाही.

पावसाळ्यात ऊन नसताना बॅटरी भरणार कशी, असे कुणी विचारील. दाट ढगांच्या दिवशी ३ किलोवॉटचा संच नेहमीच्या बारा युनिटांऐवजी तीन युनिटांपर्यंत खाली येतो हे खरे आहे. पण मध्यम आकाराच्या फ्रिजला दिवसाला सव्वा युनिट, दहा तास चालणाऱ्या तीन बीएलडीसी पंख्यांना पाऊण ते एक युनिट, आणि दिवे व वायफायला मिळून अर्धे युनिट धरले, तर आमची अगदी आवश्यक गरज पावणेतीन युनिटांच्या आत बसते. म्हणजे गीझर आणि विहिरीचा पंप बंद ठेवला, तर असा मळभाचा आठवडाही निभावून नेता येतो. बॅटरी नसेल, तर तीच तीन युनिटे आमच्या काहीच उपयोगाची नाहीत.

प्रतिसाद (चंद्रपूर, बॅटरी व इन्व्हर्टर दुरुस्तीचा व्यवसाय)

आपण दोघेही लिथियमच गृहीत धरून बोलत आहात, म्हणून ट्यूब्युलर लेड-ॲसिडची, म्हणजे घरगुती इन्व्हर्टरला नेहमी लावतात त्या पाणी घालायच्या बॅटरीची, बाजू मांडतो. १५० अँपिअर-अवरच्या चार बॅटऱ्यांचा ४८ व्होल्टचा संच कागदावर ७.२ युनिटांचा असतो, पण निम्म्याहून जास्त रिकामा केला तर आयुष्य झपाट्याने घटते, म्हणून प्रत्यक्षात ३.६ युनिटेच आपली. तीन ते पाच वर्षांत तो बदलावा लागतो, डिस्टिल्ड वॉटर घालावे लागते आणि चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघत असल्यामुळे जागा हवेशीर लागते. असे असूनही ज्यांच्याकडे वीज दिवसातून अर्धा-पाऊण तासच जाते, त्यांना मी आजही हीच बॅटरी सुचवतो, कारण सुरुवातीचा खर्च कमी पडतो, तालुक्याच्या गावी तिचा माणूस मिळतो आणि जुनी बॅटरी मोडीत देऊन पैसे परत येतात. लिथियमच्या बीएमएसमध्ये (बॅटरीवर देखरेख ठेवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्किटमध्ये) बिघाड झाला तर बॅटरी कंपनीकडे पाठवून वाट पाहण्याखेरीज आमच्या हातात फारसे काही उरत नाही.

उष्णतेकडे मात्र दोन्ही प्रकारांत कोणी लक्ष देत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. २५ अंशांपेक्षा दर दहा अंशांनी तापमान वाढले की लेड-ॲसिडचे आयुष्य जवळजवळ निम्मे होते, आणि लिथियमही उष्णतेने लवकर म्हातारे होते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि लोक बॅटरी गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवतात. तिची जागा तळमजल्यावर, सावलीत असायला हवी.

मूळ मतकर्ता

दापोलीच्या ताईंचा मुद्दा मला मान्य आहे, आणि इन्सुलिनचा प्रश्न असेल तर मीही बॅटरी घेईन. तरीही एक आक्षेप राहतो. केवळ संकटासाठी घेतलेली लिथियम बॅटरी वर्षभर पूर्ण भरलेल्या अवस्थेत पडून राहते, आणि वापर न होताही तिची क्षमता वर्षागणिक कमी होत जाते. मग इतकी मोठी कशासाठी? आवश्यक गरज पावणेतीन युनिटांची असेल, तर आधी तेवढीच क्षमता घ्यावी.

प्रतिसाद (दापोली तालुका)

लहान घेण्यात आमच्याकडे अडचण अशी की एखादा दिवस पूर्ण काळोखा गेला तर दुसऱ्या दिवसासाठी काहीच शिल्लक उरत नाही, म्हणून मी पाच युनिटांवर ठाम आहे. शिवाय वादळाचा इशारा नसतो त्या महिन्यांत बॅटरी पूर्ण न भरता मधल्या पातळीवर ठेवण्याची सोय बहुतेक हायब्रिड (ग्रिड आणि बॅटरी दोन्हींना जोडता येणाऱ्या) इन्व्हर्टरमध्ये असते, ती वापरता येते.

प्रतिसाद (चंद्रपूर)

निर्णय झालेला नसेल, तर संच बसवतानाच हायब्रिड इन्व्हर्टर घ्यावा, म्हणजे पुढे बॅटरी जोडताना आधीचा ऑन-ग्रिड इन्व्हर्टर बाजूला काढावा लागणार नाही. फक्त तो इन्व्हर्टर कोणकोणत्या बॅटऱ्यांच्या बीएमएसशी जुळतो याची यादी उत्पादकाकडून लेखी घ्यावी. ती नसेल तर वाढीव किंमत वाया जाऊ शकते.

मूळ मतकर्ता

ही सूचना योग्य आहे, आणि तिला माझी एक जोड. दरपत्रकात पॅनेल, इन्व्हर्टर आणि बॅटरी यांच्या किमती स्वतंत्र ओळींत लिहून मागाव्यात, आणि बॅटरीच्या वॉरंटीत वर्षांबरोबरच अखेरीस किती टक्के क्षमता शिल्लक राहण्याची हमी आहे तेही लिहून घ्यावे. एकत्र किमतीचे दरपत्रक मी तरी स्वीकारणार नाही.