लिफ्टच्या गेटला आपलं नाव कशाला कळायला पाहिजे?

टिळकवाडीकर
डेन्व्हरच्या भाच्यानं यंदा कोलोरॅडोत स्कीइंगचा हंगामी पास काढला. तिथं तिकीट फाडणारा कोणी नसतो म्हणे. जॅकेटच्या खिशात कार्ड, कार्डात आरएफआयडी (रेडिओलहरींवर दुरून वाचता येणारी) चिप, डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या तोंडाशी गेट. आपण नुसतं पुढं सरकायचं. आल्प्समध्ये स्कीडाटा आणि अ‍ॅक्सेस या ऑस्ट्रियन कंपन्यांची अशी गेटं ठिकठिकाणी आहेत. अमेरिकेत व्हेल रिसॉर्ट्स या स्की कंपनीनं २०१० च्या हंगामात एपिकमिक्स नावाची सोय काढली, त्यात दिवसभरात किती फूट उंची उतरलात याचा हिशेब मिळायचा. २०२३ पासून त्यांच्याकडं फोनच पास झालाय, ब्लूटूथवर चालतो.

गेट उघडायला ‘पास चालू आहे’ एवढं कळलं की पुरे. कोण, कुठल्या लिफ्टला, किती वाजता, हे साठवून ठेवायचं कारण काय? आणि दोन कार्डं दिवसभर प्रत्येक गेटातून पाठोपाठ जात असतील तर कोण कुणाबरोबर हिंडतंय तेही आपोआप कळतं. मला हे पटत नाही.

निपाणीचा_तंबाखू
अहो, कोगनोळी टोलनाक्यावर रोज हेच चाललंय की! फास्टॅग म्हणजे तरी काय, आरएफआयडीच. फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा. तुम्ही कोल्हापूरला गेलेलं बँकेला कळतं, सरकारला कळतं. तेव्हा कुणी धागा काढला नाही. आता भाचा अमेरिकेत बर्फावर घसरायला गेला तर खासगीपणा आठवला!

शिवाय एकाच्या पासावर चार मित्र फिरले तर कंपनीनं काय करायचं? म्हणून गेटावरच्या माणसाला पासधारकाचा फोटो दिसतो. नावाशिवाय हंगामी पास द्यायचा म्हणजे धंदाच बुडवायचा.

शहापूरची_सून
फास्टॅगचं म्हणाल तर आमच्या शेजारी एक गंमत झाली. गाडी बायकोच्या नावावर. नवरा धारवाडला म्हणून गेला आणि मेसेज आला उलट्या दिशेच्या हत्तरगी नाक्याचा. पुढचं इथं लिहिण्यासारखं नाही.

पण तंबाखूराव, ओळख दाखवणं वेगळं आणि ओळख नोंदवून ठेवणं वेगळं. कर्नाटकातल्या बायकांना बस फुकट करणाऱ्या शक्ती योजनेत आम्ही बायका बसमध्ये आधार दाखवतो. कंडक्टर बघतो, शून्याचं तिकीट देतो, संपलं. (महाराष्ट्रातल्या चंदगडची नणंद बरोबर असली की तिला मात्र पैसे मोजावे लागतात, त्यावर दर वेळी भांडण.) तिकिटावर माझं नाव येत नाही. पास बघा की, कोण नको म्हणतंय? साठवता कशाला, एवढंच विचारतोय.

भाग्यनगर_आई
मी उलट बोलणार. दहा वर्षांचं पोर स्की शाळेत घातलंय आणि दुपारी दिसेनासं झालं, तर शेवटचं कार्ड कुठल्या लिफ्टला लागलं हे कळणं म्हणजे देव पावल्यासारखं आहे. सौंदत्तीच्या जत्रेत माझी धाकटी हरवली होती. लाऊडस्पीकरवर नाव पुकारेपर्यंत जीव थाऱ्यावर नव्हता. ज्यांची पोरं हरवलेली नाहीत त्यांना खासगीपणाचं सुचतं.

टिळकवाडीकर
ताई, काळजी खरी आहे. पण गेटाला पोर वर गेलेलं कळतं, खाली कुठल्या वाटेनं उतरलं ते नाही. एका लिफ्टवरून खाली यायच्या वाटा कितीतरी असतात. ते कळायचं तर फोनमधलं जीपीएस सतत चालू पाहिजे, आणि मग पाळत आणखी वाढते.

रिटायर्ड_सुभेदार
मराठा लाइट इन्फंट्रीत होतो, गुलमर्गच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलमध्ये कोर्स केलाय. तिथं अफरवट डोंगराच्या अंगावर गोंडोला (दोरावरचा पाळणा) १३ हजार फुटांच्या आसपास नेऊन सोडतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिथंच हिमस्खलनात पोलंडचे दोघे गेले. बर्फाखाली माणूस गाडला की हातात मिनिटं असतात. तिथं पासाची चिप काही कामाची नाही.

कामाला येतो तो ट्रान्सीव्हर, अंगावर बांधायचं छोटं रेडिओ यंत्र. ४५७ किलोहर्ट्झवर नुसता टिकटिक सिग्नल सोडत राहतो, सोबत्यांनी आपला ऐकण्यावर लावून शोधायचं. दुसरं रेको, स्वीडनचं. जॅकेटात शिवलेला इवलासा परावर्तक. त्याला बॅटरी नाही. शोधपथकाच्या यंत्रानं लहर सोडली तरच तो ती परत फेकतो, एरवी मुका. दोन्हींना माणसाचं नाव-गाव लागत नाही. जीव वाचवणारी यंत्रं नावाशिवाय चालतात आणि लिफ्टच्या रांगेतलं गेट मात्र नाव मागतं, हे बघा जरा.

आणि जानेवारी २०१८ चं स्ट्रावा, म्हणजे पळण्याच्या नोंदी ठेवणाऱ्या अ‍ॅपचं प्रकरण, विसरू नका. पळणाऱ्यांच्या वाटांचा नकाशा कंपनीनं हौसेनं जगाला दाखवला. त्यावर कुणाचंही नाव नव्हतं, तरी अफगाणिस्तान-सीरियातले लष्करी तळ अंधारात दिव्यासारखे उठून दिसले. ‘आम्ही नाव काढून टाकतो’ म्हणणाऱ्यांवर माझा तेव्हापासून विश्वास नाही.

निपाणीचा_तंबाखू
सुभेदारसाहेब, नमस्कार. तळाचं गुपित आणि टिळकवाडीकरांच्या भाच्याची सुट्टी एक कशी होईल? मी सकाळी किती वाजता लिफ्टला गेलो यात गुपित ते काय? त्याच नोंदींवरून कुठल्या लिफ्टला गर्दी आहे ते अ‍ॅपवर दाखवता येतं. रांगेत तासभर गारठायचं कुणाला हवंय?

कॅम्पातला_वकील
गर्दी मोजायला आकडे लागतात, नावं नाहीत. गुपित काय, याचं उत्तर कुठला अपघात झाला तर मिळेल. दोन गेटांमधल्या वेळेवरून तुम्ही किती वेगानं उतरलात याचा अंदाज बांधता येतो. समोरच्या पक्षाच्या वकिलाला एवढं पुरतं. मी असतो तर तो कागद पहिल्यांदा मागवला असता.

कायद्याचं सांगतो. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. अर्जदार कोण, तर आपल्याच कर्नाटक हायकोर्टाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी. पुढं २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आला. काम संपलं की माहिती पुसा, हे त्यात आहे. भाग्यनगरच्या ताईंसाठी: १८ वर्षांखालच्या मुलांचा माग काढायला तो मुळात मनाईच करतो, अपवाद सरकारनं ठरवून दिले तरच. पण भाचा कोलोरॅडोत. तिथं त्यांचा स्वतःचा कायदा जुलै २०२३ पासून लागू आहे, आपला तिथं चालायचा नाही.

भाग्यनगर_आई
मनाई? म्हणजे हरवलेलं पोर शोधायलाही परवानगी मागत बसायचं का?

कॅम्पातला_वकील
शोधायला नव्हे हो. शोधून झाल्यावर हंगाम संपेपर्यंत त्याला हेल्मेटच्या जाहिराती दाखवायला.

निपाणीचा_तंबाखू
टिळकवाडीकर, एकच सांगा. पास घेताना भाच्यानं अटी वाचल्या होत्या का?

टिळकवाडीकर
नाही. ‘मान्य’ दाबलं आणि गेला. पण न वाचता दाबलं म्हणून कंपनीला वाटेल ते साठवायची मुभा मिळते, असं तुमचं म्हणणं असेल तर आपलं जमायचं नाही.

निपाणीचा_तंबाखू
नाहीच जमायचं. मी पुढच्या हिवाळ्यात गुलमर्गला चाललोय, आणि माझा फोटो घ्या म्हणून स्वतः सांगणार आहे.